पिकांच्या माहेरची माणसे



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांची चुलवाणे नुकती पेटू लागली होती. एके दिवशी सकाळी एक तरुण शास्त्रज्ञ माझ्या कचेरीत आले. खांद्याला झोळी, झोळीत कापडी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रे आणि दोऱ्याने बांधलेल्या दोन लाकडी चौकटी. पिकांच्या रानातल्या नातेवाइकांचे बी गोळा करत ते गावोगाव हिंडत होते. म्हणाले, "साहेब, तुमच्या भागात रानभेंडी कुठे सापडेल?"

मला हसू आले. म्हटले, "अहो, रानभेंडीसाठी एवढ्या लांबून आलात? चला, आत्ता दाखवतो." या भागात नोकरीची अठ्ठावीस वर्षे काढलेला माणूस मी. कुठल्या ओढ्याला कुठले झाड आहे हे मला डोळे मिटून सांगता येते, असा माझा समज होता.

मोटारसायकलवरून आम्ही एका गावच्या ओढ्यावर गेलो. ओढ्याकडेच्या लांब बांधावर पूर्वी पुरुषभर उंचीची रानभेंडी उभी असायची. श्रावण-भाद्रपदात तिला पिवळी, मध्यभागी जांभळा डोळा असलेली फुले यायची. तो बांध मी शोधून काढला. पण बांधावर काही नव्हते. रानभेंडी नव्हती, तरवड नव्हता, कुठली वेलही नव्हती. नुसती माती, आणि मातीवर थोडी हरळी.

जवळच एक आजी शेळ्या राखत बसल्या होत्या. त्यांना विचारले, "आजी, इथली रानभेंडी काय झाली हो?"

आजींनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे निरखून पाहिले. ओळख पटल्यावर म्हणाल्या, "साहेब, तुमीच न्हवं का सांगिटलं, बांध कसा तळहातावानी साफ पायजे म्हून? पंप बी तुमीच मारून दावला हुता की हितंच."

मंडळी, माझी मान खाली गेली. आजींचे म्हणणे शब्दश: खरे होते. तीन वर्षांपूर्वी तणनाशकाचे प्रात्यक्षिक मी त्याच बांधावर घेतले होते. पन्नासेक शेतकरी जमले होते, चहा झाला होता, फोटोही निघाला होता. बांध साफ ठेवला की किडींचे आश्रयस्थान मोडते, हा सल्ला काही खोटा नाही. पण बांधावर उभे कोण कोण आहे हे न पाहता मी सरसकट फवारा मारायला सांगितले, ही चूक माझी. ती लपवून पुढचे सांगणे बरे दिसणार नाही, म्हणून आधी कबूल करतो.

लेक आणि माहेर

आता कोणी म्हणेल, साहेब, एका तणाचे एवढे काय घेऊन बसलात? तर ऐका.

आज आपल्या शेतात जे जे पीक उभे आहे ते एके काळी रानातच होते. भात तळ्याकाठी आपोआप उगवत होते, मूग-उडीद माळावर वेलीसारखे पसरत होते. हजारो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी, बहुधा आपल्या पूर्वज आयाबायांनी, त्यांतले बरे दाणे निवडून घराजवळ पेरले. पुढच्या साली पुन्हा त्यांतले बरे निवडले. असे करता करता दाणा मोठा झाला, शेंग न तडकता झाडावर टिकू लागली, फळावरची काटेरी लव गेली, कडूपणा गेला. लेक लग्न होऊन सासरी यावी तसे पीक रानातून शेतात आले आणि आपल्या घरात रुळले.

पण सासरी सगळे लाड झाल्यावर अंगातला काटकपणा कमी होतो. वेळेवर पाणी, वेळेवर खत, वरून औषधाची फवारणी. शिवाय निवड करताना आपण चव पाहिली, आकार पाहिला, उत्पन्न पाहिले. रोगाशी झुंजण्याची ताकद दर वेळी पाहिली नाही. ती बरीचशी मागे राहिली, माहेरी. रानात राहिलेल्या भावंडांना कोणी पाणी घालत नाही, फवारत नाही. जी झाडे दुष्काळात, रोगात तगली त्यांचेच बी पुढे चालले. म्हणून लेकीवर मोठे संकट आले, की शास्त्रज्ञांना तिच्या माहेरची वाट धरावी लागते.

ही नुसती उपमा नव्हे. तीन उदाहरणे सांगतो. तिन्ही पिके आपल्या घरातली आहेत.

माहेरने तीनदा हात दिला

पहिले उदाहरण उसाचे. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. त्या काळी जाड, गोड, रसाळ ऊस होता, पण तो नाजूक. उत्तर हिंदुस्थानच्या थंडीत आणि रोगराईत तग धरत नसे. तिथल्या शास्त्रज्ञांनी, बार्बर साहेब आणि वेंकटरामन यांनी, एक धाडस केले. त्या जाड उसाचा संकर त्यांनी कासाशी केला. कास म्हणजे नदीकाठी भाद्रपद-आश्विनात पांढरे शुभ्र तुरे काढणारे ते उंच गवत. त्यात गोडी जवळजवळ नाही, काडी बोटाएवढी. पण मुळे खोल आणि जीव चिवट. त्या संकरातून 'को २०५' हा वाण निघाला आणि १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे कोइमतूरच्या उसांची जी मोठी वंशावळ वाढली तिच्यात कासाचे रक्त आहे. तुम्ही लावता तो 'को ८६०३२' त्याच कुळातला. ज्या गवताला आपण शिव्या देत खणून काढतो, त्याच्या उपकारावर आपली साखर उभी आहे.

दुसरे उदाहरण भाताचे. १९७० च्या सुमारास फिलिपिन्स, इंडोनेशिया या देशांत भाताच्या ठेंगण्या, भरघोस वाणांवर एक विषाणू रोग पडला. तपकिरी तुडतुडे तो पसरवत. रोप गवतासारखे खुजे राही, लोंबी येत नसे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने साठ्यातले हजारो नमुने तपासले. लागवडीच्या भातांत या रोगाला दाद न देणारा एकही सापडेना. शेवटी 'ओरायझा निवारा' या रानभाताचा एक नमुना टिकला. तो गेला होता कुठून? आपल्या उत्तर प्रदेशातून. त्या रानभाताची ताकद संकराने लागवडीच्या भातात आणली गेली. आपल्या पंजाबात जन्मलेले डॉ. गुरदेव खुश यांच्या हाताखाली तयार झालेला 'आय. आर. ३६' हा वाण १९७६ मध्ये बाहेर पडला, आणि पुढच्या दशकात जगभर एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर तो लावला गेला. विचार करा, तो नमुना कोणी गोळा केलाच नसता तर? किंवा गोळा करायला माणूस पोचण्याआधी ते तळे बुजवले गेले असते तर?

तिसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याचे आणि माझ्या रानभेंडीच्या जवळचे. भेंडीवर पडणारा 'केवडा' तुम्हांला सांगायला नको. पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग पान पिवळे, मग फळही पिवळे आणि निबर. पांढरी माशी हा रोग पसरवते. १९६० च्या दशकात 'पूसा सावनी' हा वाण आला तेव्हा तो या रोगाला चांगला तोंड देत असे. काही वर्षांनी त्याची ताकद संपली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी पूसा सावनीचा संकर भेंडीच्या 'मॅनिहॉट' नावाच्या दुसऱ्या जातीशी केला. असे लांबच्या नात्यातले लग्न सोपे नसते; संकराच्या झाडांना बी नीट धरत नाही. पुन्हा पुन्हा मूळ भेंडीशी संकर करत, रोगट झाडे उपटत त्यांनी १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' हा वाण दिला. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी तो लावला असेल आणि त्याचे पैसे घरात आले असतील.

पण गोष्ट तिथे संपत नाही. रोगही बदलत असतो. पुढे अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. म्हणजे पुन्हा माहेरी जाणे आले. आमच्या डोंगर-ओढ्यांतली रानभेंडी ही त्याच मॅनिहॉटच्या गोतावळ्यातली. आता कळले ना, तो तरुण शास्त्रज्ञ एवढ्या लांबून कशासाठी आला होता ते?

यादी कशाला हवी?

माहेरी जायचे तर माहेरचा पत्ता हवा. पिकांच्या रानसोयऱ्यांची यादी म्हणजे तो पत्ता. देशात कुठल्या पिकाचे कोण नातेवाईक आहेत, ते कुठे उगवतात, किती उरले आहेत, कोणाला धोका आहे, हे लिहून ठेवल्याशिवाय काय वाचवायचे हेच कळत नाही.

हे काम आजचे नाही. इंग्रजांच्या काळात कुक साहेबांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची मोठी सूची केली. ती १९०१ ते १९०८ या काळात छापली गेली. पण त्या सूचीत पिकांच्या सोयऱ्यांचा असा वेगळा हिशोब नव्हता. १९७६ साली दिल्लीत वनस्पतींच्या वाणांचा ठेवा सांभाळणारा राष्ट्रीय ब्युरो उभा राहिला. तिथल्या अरोरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये भारतातल्या पिकांच्या रानटी नातेवाइकांवर पुस्तकच लिहिले आणि तीनशेहून अधिक जातींची नोंद केली. त्यानंतर ही यादी वाढत, सुधारत गेली आहे.

या ब्युरोची दिल्लीत बियाण्यांची मोठी पेढी आहे. बी नीट वाळवून, हवाबंद पाकिटात घालून, शून्याखाली अठरा अंश इतक्या थंडीत ठेवतात. असे बी अनेक वर्षे जिवंत राहते. चार लाखांहून अधिक नमुने तिथे आहेत. पण त्यांत पिकांच्या वाणांचा वाटा मोठा, रानसोयऱ्यांचा थोडा. आपल्या राज्यात अकोल्याला या ब्युरोचे केंद्र आहे.

मग प्रश्न येतो, बी एकदा थंड पेढीत गेले की बांधावर झाड ठेवायचे कशाला? याचे उत्तर असे. पेढीतले बी झोपलेले असते. ते ज्या दिवशी आत गेले त्या दिवशी जसे होते तसेच राहते. बाहेर मात्र पाऊस बदलतो, कीड बदलते, रोग बदलतो. ओढ्याकाठी उभे असलेले झाड त्यांच्याशी दर वर्षी झुंजते आणि दर वर्षी थोडे शहाणे होते. म्हणून पेढीही हवी आणि ओढाही हवा. मेघालयातल्या गारो टेकड्यांमध्ये नोक्रेक म्हणून जंगल आहे. तिथे संत्र्या-लिंबांच्या कुळातले रानसंत्रे उगवते. ते आहे त्या जागीच राहावे म्हणून तिथे खास राखीव क्षेत्र केले आहे. नागपूरच्या संत्रा बागाईतदारांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्यांच्या बागेचे लांबचे माहेर तिकडे आहे.

इथे एक घोळ होतो, तो दूर करतो. गावरान बियाणे वेगळे आणि रानसोयरे वेगळे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे-पेढी उभी केली, त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, हे तुम्हांला ठाऊक आहे. गावरान वाण म्हणजे आपल्या पूर्वजांनी पेरून सांभाळलेले वाण. रानसोयरे कोणी पेरले नाहीत. त्यांना वाली नाही. गावरान बी सांभाळणारी एखादी माउली गावात निघते. रानभेंडीला कोण विचारतो?

तुमच्या शिवारातले सोयरे

आता जरा आपापल्या शिवारात नजर फिरवा. यांतले कितीतरी तुमच्या ओळखीचे निघतील.

भातपट्ट्यात तळ्याकाठी, बोडीत न पेरता उगवणारे देवभात. त्याचा दाणा पिकताच गळतो, लोंबीला लांब कुसळे असतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून न पेरलेले धान्य शोधणाऱ्या आजीला त्याची जागा बरोबर ठाऊक असते.

माळावर, कुंपणावर चढणारे रानमूग आणि रानउडीद. बारीक काळपट शेंग, हात लावताच तडकणारी. सह्याद्रीत मुगाच्या गोतातली एक उंच वाढणारी जात आहे; तिला शास्त्रज्ञांनी खंडाळ्याचेच नाव दिले आहे.

गवतात पसरणारी, केसाळ शेंगेची वेलतूर. घाटात पहिल्या पावसात जांभळट-गुलाबी तुरा घेऊन उठणारी रानहळद. कड्यावर वाढणारी रानकेळ, म्हणजे कोकणातली कवदर. वांग्याच्या कुळातली काटेरी डोरली. नदीकाठचा कास. आणि करटोली! कारल्याची ही रानातली बहीण आपण पावसाळ्यात चवीने खातो, पण तिचे नाते कधी विचारात घेत नाही.

या सगळ्यांवर आज चोहोबाजूंनी घाव पडतो आहे. बांध कोरले जातात, ओढे सरळ केले जातात, गायरानावर यंत्र फिरते, तळी बुजतात आणि राहिलेल्यावर तणनाशक पडते. यांतले प्रत्येक काम कोणाच्या तरी गरजेचे असते, हे मला मान्य आहे. पण कोण मेले हे कळायला आधी कोण होते हे ठाऊक असावे लागते.

याचबरोबर इशाराही देतो. रानातले सगळेच जपायचे असा याचा अर्थ नाही. गाजर गवत आपले सोयरे नाही. ते परदेशातून आलेले आहे, उपटताना हात आखडू नका. टणटणीचेही तसेच. आणि देवभात सोयरे असले तरी भाताच्या खाचरात त्याला थारा देऊ नका. दाणा गळून शेत खराब होते, उत्पन्न घटते. सोयऱ्याची जागा ओसरीवर, माजघरात नव्हे. देवभात तळ्यात राहू द्या, रानभेंडी ओढ्याकाठी राहू द्या, शेत स्वच्छ ठेवा. शेताच्या कडेचा एखादा कोपरा राखला तर काही बुडत नाही.

गावाची वही

दिल्लीची यादी दिल्लीत होते, पण झाड तुमच्या गावात असते. शास्त्रज्ञ वर्षातून एकदा येणार, तेही आले तर. म्हणून खरी यादी गावानेच करायची आहे, आणि तशी तरतूदही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावची वही कधी पाहिली आहे का? नसेल तर पुढच्या ग्रामसभेत मागा. ती उघडून पाहा. त्यात रानभाज्या, औषधी झाडे बहुतेक असतील. "पिकांचे रानसोयरे" असे एक पान त्यात वाढवून घ्या.

एका झाडासाठी इतके लिहावे: गावात चालणारे नाव, एकाहून अधिक नावे असतील तर सगळी, नेमकी जागा, जमीन कशी, पाणी किती, अदमासे किती झाडे, फूल कोणत्या महिन्यात, बी कोणत्या महिन्यात, उपयोग काय, धोका कशाचा, आणि माहिती कोणी दिली. शेवटचा रकाना विसरू नका. ज्याने सांगितले त्याचे नाव वहीत राहिले पाहिजे.

हे काम घरातल्या सर्वांनी मिळून करण्याजोगे आहे. आजी-आजोबांनी सांगावे, सुनांनी-लेकींनी जागा दाखवावी, मुलांनी लिहावे. मुलांनी फुलासकट एक लहान डहाळी वर्तमानपत्रात घालून वजनाखाली दाबून ठेवावी, दर दोन दिवसांनी कागद बदलावा. आठ-पंधरा दिवसांत सुंदर नमुना तयार होतो. झाड मुळासकट उपटू नये. बी घ्यायचे तर पक्व झालेले, एका झाडावरून थोडेच, अनेक झाडांवरून मिळून; बाकीचे जागेवर गळू द्यावे. बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे आणि पुडीवर तारीख, जागा लिहावी. असा नमुना कृषी विद्यापीठाकडे किंवा अकोल्याच्या केंद्राकडे कसा पाठवायचा हे तुमच्या कृषी सहायकाला विचारा.

आणि कोणी अनोळखी व्यापारी पोत्याने रानातले बी-मुळे मागू लागला तर समितीला विचारल्याशिवाय देऊ नका. त्याचे नियम आहेत. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात तर गावरान वाण आणि रानसोयरे जतन करून त्यांतून निवड करणाऱ्या शेतकऱ्याला मान्यता व बक्षीस देण्याची सोय आहे. हा ठेवा तुमचा आहे, हे कायद्यालाही मान्य आहे.

आजींची सात झाडे

आता ओढ्यावर परत येऊ. मी खजील होऊन उभा होतो. आजी मात्र उठल्या, काठी घेतली आणि म्हणाल्या, "चला, हाईत म्हस्नाटीमागं."

स्मशानाच्या मागच्या वळणावर, जिथे यंत्र पोचत नाही तिथे, रानभेंडीची सात झाडे उभी होती. बोंडे वाळली होती. बोंडावरच्या काटेरी लवेने हाताला खाज सुटत होती. शास्त्रज्ञांचा चेहरा असा खुलला की जणू हरवलेला भाऊ भेटला.

मी विचारले, "आजी, तुम्हांला ही नेमकी कशी ठाऊक?"

आजी म्हणाल्या, "आमचं मालक गुळव्या हुतं. रानभेंडी बगायची म्हंजे माजंच काम."

मग त्यांनी सांगितले. काहिलीत रस तापू लागला, की ठेचलेल्या रानभेंडीचा चिकट रस त्यात घालायचा. सगळी मळी वर येते, झाऱ्याने काढून टाकली की गूळ स्वच्छ होतो. म्हणून पूर्वी गुऱ्हाळवाले आपल्या बांधावर रानभेंडी राखत. पुढे हायड्रॉसची पावडर आली, गूळ पिवळाधमक दिसू लागला, रानभेंडीची गरज संपली आणि राखणही संपली. आजींचे मालक गेल्यालाही बरीच वर्षे झाली. पण आजी दर साली त्या सात झाडांचे थोडे बी तिथेच मुठीने फेकत असत. का, असे विचारले तर म्हणाल्या, "सवं पडल्याली." आता बिनरसायनी गूळ करणारे पुन्हा रानभेंडी शोधू लागले आहेत, हे मी सांगितले तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

शास्त्रज्ञांनी सातही झाडांवरून थोडे थोडे बी घेतले, पुडीवर जागा लिहिली, डहाळी चौकटीत दाबली. मग त्यांनी वही काढली आणि विचारले, "आजी, माहिती देणाऱ्याचे नाव काय लिहू?" आजींनी आधी आपल्या मालकांचे नाव सांगितले. शास्त्रज्ञ म्हणाले, "झाडे तुम्ही सांभाळलीत ना?" तेव्हा थोडे थांबून, पदर सावरत, त्यांनी स्वत:चे नाव सांगितले.

पुढच्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो. ज्या लोकांसमोर पंप मारून दाखवला होता त्यांच्यापैकी बरेच जण तिथे होते. त्यांना सांगितले, "मी शिकवलेले अर्धेच होते. उरलेले अर्धे या आजींनी मला शिकवले." लोक हसले, पण वही निघाली. त्या संध्याकाळी तिच्यात अकरा नावे चढली. त्यांतली सहा बायकांनी सांगितली. मला त्यांतली दोन मुळीच ठाऊक नव्हती. शेतीची पदवी घेतलेला माणूस मी!

थोडे बी आजींनी माझ्या हातावरही ठेवले. ते राखेत घालून घरी डब्यात ठेवले आहे. मृगाचा पाऊस पडला, की त्या मोकळ्या बांधावर जाऊन ते टोकणार आहे. बांधाच्या मालकाशी बोलणे झाले आहे; ओढ्याकडची बाजू न फवारता सोडायला ते तयार आहेत. तणनाशक मारलेल्या जागी सगळे उगवेल की नाही, पाहू. उगवले तर श्रावणात पिवळी फुले दिसतील.

तुम्हीही मृगाआधी एकदा आपल्या बांधावरून सावकाश चाला. सोबत घरातले सर्वांत वयस्क माणूस आणि सर्वांत लहान मूल घ्या. एकाने नाव सांगावे, दुसऱ्याने लिहावे. फवाऱ्याचा पंप त्या दिवशी घरीच असू द्या.

तूर्त एवढेच. कळावे, लोभ असावा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)